दीड फुटावरचा गारवा

मृणालचं लग्न झालं तेव्हा तिला सवत नव्हती. ती नंतर मिळाली, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, स्वयंपाकघराच्या भिंतीत, जमिनीपासून दीड फुटावर.

लग्नाला उशीर झाला होता, हे मान्य. नवरीचं वय सत्तावन्न. तीस वर्षं वेधशाळेत तापमानं घेण्यात गेली. लोकांना उद्याचं सांगता सांगता स्वतःचं आज राहून गेलं, असं ती म्हणे आणि मग स्वतःच हसे. नवरदेव हेमंत देवपुजारी, चौसष्ट, विमा कंपनीतून निवृत्त, विधुर. पहिली बायको अर्चना जाऊन चार वर्षं झाली होती. नोंदणी कार्यालयात दोघांनी सह्या केल्या, बाहेर येऊन उसाचा रस प्यायला आणि संसार सुरू झाला. सगळं अगदी समजूतदारपणे. समजूतदार माणसांच्या संसारात काय काय होतं, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. ते ऐकण्यासारखं असतं.

आधी घराबद्दल सांगायला हवं.

त्या वर्षी, म्हणजे २०४३ साली, नागपुरात दुपारी बारा ते पाच एसी लावायला बंदी होती. कारण साधं होतं. एसी खोली थंड करतो म्हणजे खोलीतली उष्णता उचलून शेजाऱ्याच्या खिडकीत नेऊन टाकतो. शेजारी तीच उचलून त्याच्या शेजाऱ्याकडे टाकतो. पंचवीस लाख माणसांनी हा खेळ वीस वर्षं केल्यावर शहर अठ्ठेचाळीसवर पोचलं आणि मग सरकारच्या लक्षात आलं की टाकायला शेजारी संपले. तेव्हा काही प्रायोगिक इमारती बांधल्या गेल्या. देवपुजारी राहत ती त्यांतली दुसरी. कागदोपत्री तिचं नाव होतं ‘सजीव निवास, प्रयोग क्रमांक २’. रिक्षावाले तिला ‘माठ बिल्डिंग’ म्हणत, आणि रिक्षावाल्यांचं बरोबर होतं.

तिच्या भिंतींच्या विटा माठासारख्या भाजलेल्या, सच्छिद्र. तळघरातल्या टाकीतून पाणी केसाएवढ्या नळ्यांतून आपोआप वर चढे, दिव्यातल्या वातीत तेल चढतं तसं. इथवर काही नवल नाही. नवल त्या छिद्रांच्या तोंडाशी होतं. तिथे एका जिवाणूच्या बीजाणूंचा पातळ थर दिलेला असे. ओल लागली की हे बीजाणू फुगतात, सुकले की आकसतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते सदा आकसलेले, छिद्रं बंद. पण घामाघूम माणूस भिंतीला टेकून बसला की त्याच्या अंगाची वाफ समोरच्या बीजाणूंना लागे, ते फुगत, वळत आणि छिद्राचं तोंड उघडे. पाणी बाहेर येई, उडून जाई, आणि भिंतीचा तेवढाच तुकडा गार होई. माणूस जितका तापलेला, तितकी भिंत जास्त उघडे. ना पंखा, ना बटण.

आराखडा काढणाऱ्या बाईंचं म्हणणं असं की आजवरच्या इमारती सरासरी माणसासाठी चोवीस अंश ठरवून बांधल्या. आणि सरासरी माणूस आजवर कुणी पाहिलेला नाही. घराला हुकूम देऊ नका, घराला तुम्हाला ओळखू द्या.

आणि घर ओळखे. कारण त्या जिवाणूंना दिवसरात्रीचं घड्याळ असतं. रोज एकाच जागी, एकाच वेळी कुणी टेकलं की ते त्या वेळेच्या थोडं आधीच फुगून तयार राहू लागत. पाहुणा यायच्या आधी चहाचं आधण ठेवावं, तसं.

तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी पावणेचार वाजता मृणाल स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि तिच्या घोट्याला गार झुळूक लागली. गॅलरीच्या दाराशेजारी भिंतीचा परातीएवढा गोल गडद, ओलसर झाला होता. समोर कुणीही नव्हतं. तिने वेधशाळेतून निरोपाच्या वेळी मिळालेला तापमापक आणला. बाकीची भिंत एकतीस. तो गोल तेवीस पूर्णांक चार.

गोलाच्या बरोबर वर अर्चनाचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार होता. हे दोन्ही तिने आधी पाहिलं होतं. पण स्वयंपाकघरात फोटो का, हे विचारणं समजूतदारपणात बसत नव्हतं.

साडेचारला दुपारची झोप आटोपून हेमंत आला. त्याने खुर्ची ओढून फोटोसमोर ठेवली, चहाचा कप घेतला आणि पाय त्या गारव्यात सोडून बसला.

“हे काय आहे, अहो?” मृणालने विचारलं.

“काय?”

“भिंत गार आहे. समोर कुणी नसताना.”

“अर्चना आहे ती,” हेमंत म्हणाला. ‘दूधवाला आहे तो’ याच सुरात. “रोज चारला येते. चहात साखर कमी पडली का ग आज?”

मृणाल तीस वर्षं शास्त्राच्या खात्यात होती. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. पण मत्सराला भूत लागत नाही, तापमापक पुरतो. तिने त्या रात्री आपल्या पलंगाशेजारची भिंत मोजली. एकोणतीस. दुसऱ्या दिवशी बैठकीतली आपली आवडती जागा मोजली. साडेएकोणतीस. जिवंत बायकोला एकोणतीस आणि गेलेलीला तेवीस पूर्णांक चार! ती तक्ता करू लागली. रोजच्या आठ नोंदी.

वंदनाबाई, म्हणजे भांडी-फरशीला येणारी बाई, चार वाजता आल्या तेव्हा ती जमिनीवर पालथी पडून भिंतीला तापमापक लावत होती.

“काही हरपलं का जी ताई?” वंदनाबाईंनी विचारलं.

“नाही. तुमचा चहा ओट्यावर आहे.”

वंदनाबाईंनी दांडी तुटलेला आपला कप घेतला आणि त्या रोजच्यासारख्या गॅलरीच्या दाराशी टेकून चहा प्यायल्या. चार घरं करून पाचव्या घरी आलेली बाई. पदराने मान पुसत होती. मृणालला वाटलं, बघा, अर्चनाचा गारवा मोलकरणीलाही मिळतो. मला तेवढा नाही.

मग तिने प्रयत्न सुरू केले. तापलेल्या माणसाला भिंत उघडते ना? ठीक. दुपारी तीनला, सबंध नागपूर पडदे ओढून पडलेलं असताना, देवपुजाऱ्यांची नवी सून चार मजले दोनदा उतरून चढली आणि लाल तोंडाने येऊन अर्चनाच्या जागेपासून चार फुटांवर मांडी घालून बसली. भिंतीने दखल घेतली. सत्तावीस पूर्णांक एक.

“काय करते आहेस?” हेमंतने दारातून विचारलं.

“व्यायाम.”

“जमिनीवर बसता येतं तुला या वयात! वा. अर्चनाला शेवटची आठ वर्षं नाही जमलं. गुडघे. हळदीकुंकवालाही तिला खुर्ची द्यावी लागे, तिला फार लाज वाटायची.”

गेल्या आठवड्याभरात मृणालला मिळालेला हा पहिला विजय. तिने मांडी न मोडता पाठ आणखी ताठ केली. त्या आनंदात एक गोष्ट तिच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. तुमच्या लक्षात आली असेल तर गप्प राहा. मत्सर झालेल्या माणसाला मधे सांगून उपयोग नसतो.

तीन दिवसांनी तिचे स्वतःचे गुडघे धरले आणि व्यायाम थांबला.

शेवटी तिने सोसायटीच्या भिंतवाल्याला बोलावलं. बोपचे त्याचं नाव. पन्नाशीचा गृहस्थ, पूर्वी कूलर दुरुस्त करायचा. कूलर गेले तेव्हा भिंती दुरुस्त करायला शिकला. त्याने भिंतीच्या कोपऱ्यातली बारीक खुंटी काढली, तिथे आपलं यंत्र लावलं आणि पडद्यावर पाहत विचारलं, “घरात माणसं किती?”

“दोन,” हेमंत म्हणाला.

“दोन,” मृणाल म्हणाली.

“भिंत तीन सांगते. दोन बेताची आणि एक जोरदार. ती इथं, दीड फुटावर, चारच्या सुमाराला.”

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं नाही.

“अर्चना पाच फुटांचीच होती,” हेमंत हळूच म्हणाला.

बोपचेने यावर काही मत दिलं नाही. कूलरच्या धंद्यात असताना तो गिऱ्हाइकांच्या घरगुती बाबतीत पडत नसे, आणि ते धोरण त्याला फळलं होतं.

“पण गेलेलं माणूस भिंतीला किती दिवस लक्षात राहतं हो?” मृणालने त्याला दारापर्यंत पोचवायला जाऊन विचारलं.

“चाळीस दिवस, ताई. फार तर. कोणी बसलंच नाही तर जंतू पार विसरून जातात. चार-चार वर्षं राहिलं म्हणजे कोणीतरी आठवण करून देऊन राह्यलं.”

कोण, हे विचारायची मृणालला गरज नव्हती. रोज साडेचारला खुर्ची ओढून, पाय सोडून, कप घेऊन कोण बसत होतं ते ती पाहत होती.

वर्षाचा गहू भरायचे दिवस होते. दोन एप्रिलला मृणालने माहेरची पत्र्याची कोठी आणवली. चार फूट उंच, तीन मण गव्हाची. ती फोटोखाली, बरोबर त्या गोलासमोर भिंतीला चिकटवून ठेवली.

“इथेच का?” हेमंतने विचारलं.

“मग कुठे? बैठकीत? पाहुण्यांना वाटेल गिरणी आहे.”

“पण मी कुठे बसू?”

“अख्खं घर आहे, अहो.”

हेमंतने कोठीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि चहा घेऊन बैठकीत गेला. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मृणालला बरं वाटलं असतं.

कोठीमुळे गॅलरीच्या दाराशी टेकायलाही जागा उरली नाही. “वंदनाबाई, आता चहा गॅलरीतच घेत जा,” मृणालने सांगितलं. वंदनाबाईंनी कप उचलला आणि त्या बाहेर वॉशिंग मशीन आणि खराट्याच्या मध्ये जाऊन बसल्या. बाहेर त्रेचाळीस होतं. मृणालच्या तक्त्यात ही नोंद नाही.

पंधरा दिवसांनी कोठीमागचा गोल सव्वीसवर आला. महिन्याने अठ्ठावीस. बारा मेला, म्हणजे चाळिसाव्या दिवशी, मृणालने कोठीमागे हात घालून तापमापक लावला. एकतीस. बाकीच्या भिंतीइतकंच. सवत गेली.

तिने त्या दिवशी शिरा केला.

हेमंतने दोन घास खाल्ले. मग कोठीमागे हात घातला, तो तसाच ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

“गेली ग,” तो म्हणाला.

मृणाल शिरा वाढत राहिली. जिंकलेल्या माणसाने काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दोन दिवसांनी ती पेठेतून परतली तेव्हा स्वयंपाकघरातला फोटो जागेवर नव्हता. खिळा होता. ती बैठकीत गेली, झोपायच्या खोलीत गेली, शेवटी गॅलरीत डोकावली. वॉशिंग मशीनच्या वर, खराट्याशेजारी, चंदनाच्या हारासकट अर्चनाचा फोटो टांगलेला. खाली हेमंत खुर्चीवर बसलेला, चेहरा उजळलेला. फोटोखाली भिंतीवर परातीएवढा ओला गोल. जमिनीपासून दीड फुटावर.

“गेली नव्हती!” तो म्हणाला. “रागावून बाहेर येऊन बसली होती. हात लावून बघ.”

मृणालने हात लावला. तापमापक आणायची गरज नव्हती. तेवीस तिला आता तळव्याने कळत होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेचारलाच ती गॅलरीच्या दाराआड उभी राहिली. आज काय ते डोळ्यांनी पाहायचं होतं. पावणेचारला गोल गडद होऊ लागला. चारला बेल वाजली. वंदनाबाई आल्या, अंगावरचं पातळ पाठीला चिकटलेलं, ओठ सुकलेले. कप घेऊन गॅलरीत गेल्या, जमिनीवर बसल्या, गोलाला पाठ लावली आणि डोळे मिटले. भिंत त्यांच्या खांद्यांपर्यंत काळी होत गेली. भिंत माणसाला ओळखते आणि ओळख द्यायला पुढे येते, हे मृणालने इमारतीच्या माहितीपत्रकात वाचलं होतं. पाहिलं नव्हतं.

तिला अर्चनाचे गुडघे आठवले. हळदीकुंकवाची खुर्ची आठवली. ‘घरात माणसं किती’ हे आठवलं, आणि दोघांनी एका आवाजात दिलेलं उत्तर.

“वंदनाबाई,” तिने विचारलं, “तुम्ही या घरी कधीपासून?”

वंदनाबाई दचकून उठायला लागल्या. “बसा, बसा,” मृणाल म्हणाली.

“चार वर्षं झाले ना जी. त्या ताई वारल्या न, मंग साहेबानं मले लावलं. मी नाही पाहिलं त्यायले, फोटोच पाहिला.”

“आणि रोज इथेच... म्हणजे आतल्या दाराशी बसायच्या?”

“मंग कुठं बसू जी?” वंदनाबाईंनी खरोखरच न कळून विचारलं.

मृणाल आत आली ती मनात वाक्य जुळवतच. अर्चना नाहीच आहे. कधीच नव्हती. चार वर्षं तुम्ही चहा पीत होता तो भांडीवालीच्या पाठीच्या गारव्यात. वाक्य सुरेख होतं. साठ दिवसांच्या तक्त्याचं फळ होतं.

हेमंत पलंगावर उठून बसला होता, चष्मा शोधत. “तुला एक सांगायचं राहिलं,” तोच म्हणाला. “कोठी ठेवलीस तेव्हा सांगायला हवं होतं. तुला वाटत असेल, हा म्हातारा बायकोच्या फोटोशी बोलतो.”

“नाही हो...”

“बोलतोच. या घरात यायचं मी ठरवलं. तिला यायचं नव्हतं. आमच्याकडे एक मोठा लोखंडी कूलर होता, वाळ्याच्या ताट्यांचा. इथे चालत नाही म्हणून मी भंगारात घातला. पहिला उन्हाळा. भिंती नव्या, काही शिकलेल्या नव्हत्या. ती दिवसभर खुर्चीत बसलेली, हलता येत नाही, म्हणायची, हेमंत, कूलर आण रे. आणि मी तिला व्याख्यान द्यायचो. भिंतीला शिकू दे. धीर धर. सवय हवी.” त्याला चष्मा सापडला, त्याने तो लावला नाही. “जूनच्या चार तारखेला गेली. हृदय. डॉक्टर म्हणाले उन्हाने म्हणता येणार नाही. नाही म्हणता येणार. पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस साडेचारला चहा करायला गेलो आणि भिंत गार. तिच्या नेहमीच्या बसायच्या जागेशेजारीच. तेव्हापासून रोज बघून येतो. गारवा मिळतोय ना तिला, एवढंच.”

मृणालच्या तोंडात ते सुरेख वाक्य तयार होतं. फक्त सोडायचं होतं. सोडलं असतं तर घरात सवत उरली नसती, आणि घर अखेर तिचं झालं असतं.

“मिळतोय,” ती म्हणाली. “मी मोजलंय. तेवीस पूर्णांक चार.”

त्या संध्याकाळी तिने कोठीतला गहू डब्यांत भरला आणि रिकामी कोठी बोपचेकरवी गच्चीवर नेऊन ठेवली. फोटो आत आणून खिळ्यावर लावला. दांडी तुटलेला कप केराच्या डब्यात गेला. दुसऱ्या दिवशी चारला तिने गॅलरीच्या दाराशी, भिंतीला लावून, एक खुर्ची ठेवली.

“आत बसा, वंदनाबाई. इथे.”

“नको जी. खालीच बरं.”

“बसा म्हणते ना.”

“साहेब काय म्हणन?”

“साहेब झोपलेत. आणि उठले तरी काही म्हणणार नाहीत. बसा.”

वंदनाबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. पाठ टेकायला त्यांना चार दिवस लागले. भिंतीला तीन आठवडे. जिवाणू माणसांपेक्षा सावकाश शिकतात. पण एकदा शिकले की वाद घालत नाहीत.

आठ जूनला साडेचार वाजता हेमंतची हाक आली. वंदनाबाई मागे भांडी घासत होत्या. “मृणाल! अग, इकडे ये.” तो फोटोसमोर उभा होता. ओला गोल वर सरकला होता. जमिनीपासून तीन फुटांवर, खुर्चीच्या पाठीएवढ्या उंचीवर.

“बघ,” तो म्हणाला. “इतकी वर्षं खाली बसत होती ग, त्या गुडघ्यांनी. मी कधी विचारच केला नाही. आज खुर्चीवर बसली.”

“हो,” मृणाल म्हणाली. “खुर्ची मीच दिली.”

दुसऱ्या दिवशी चारला ती आपलाही चहा घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि वंदनाबाईंच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसली. तापमापक सवयीने हातात होता. वंदनाबाईंच्या पाठीमागे तेवीस पूर्णांक सहा. स्वतःच्या मागे सव्वीस. तो गारवाही तिच्यासाठी नव्हताच. पलीकडून ओल पसरत आली होती, तेवढाच. उरलासुरला. या घरात आजवर उरलंसुरलं डब्यात भरून कुणाला दिलं जाई, ते तिला ठाऊक होतं. तिने ते मुकाट्याने घेतलं, पण मान वळवून वळवून त्या काळ्या ओल्या गोलाकडे पाहत राहिली.

वंदनाबाईंनी ते पाहिलं.

“इकडं सरकून बसा ना जी, ताई,” त्या म्हणाल्या. “इथं बरं लागते.”

मृणालने खुर्ची सरकवली.